हयातीचा दाखला

वर्षातून एकदा, नोव्हेंबर महिन्यात, मी जिवंत असल्याचे मला सरकारला कळवावे लागते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकालाच ते कळवावे लागते. त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. माझे यजमान रेल्वेत होते. पाच वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यांच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन माझ्या नावावर जमा होऊ लागले. तेव्हापासून नोव्हेंबर उजाडला की मुलगा म्हणतो, "आई, तुझा हयातीचा दाखला द्यायचा आहे." मी म्हणते, "जाऊ या." मग तो एक दिवस ठरतो आणि त्या एका दिवसाला घरातली सगळी साठलेली कामे येऊन चिकटतात.

आम्ही नवा रायपुरात राहतो. छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी निर्माण झाले आणि जुन्या रायपुरापासून सुमारे वीस किलोमीटरवर ही नवी राजधानी वसवण्यात आली. २०१२ साली मंत्रालय इकडे आले. २०१८ साली शहराच्या नावाला 'अटल नगर' हे शब्द जोडले गेले. येथील रस्ते इतके रुंद आहेत की, पलीकडच्या बाजूने ओळखीचे माणूस गेले तरी हाक ऐकू जात नाही. वस्त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. आमचे घर सत्तावीस क्रमांकाच्या सेक्टरमध्ये आहे. घर चांगले आहे, हवा मोकळी आहे, पाणी वेळेवर येते. पण चष्म्याची काडी सैल झाली, मिक्सरच्या भांड्याचे पाते अडकले किंवा मनासारखा तांदूळ हवा झाला की, आम्हांला अजूनही जुन्या रायपुराचीच आठवण होते.

त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता आम्ही निघालो. मुलगा गाडी चालवत होता, सून त्याच्या शेजारी बसली होती, मागे मी आणि आठ वर्षांची नात. सुनेच्या हातात कामांची यादी होती. बँक, चष्मा, मिक्सरचे भांडे, वन्संची औषधे, दुबराज तांदूळ, नातीचे रंग, आणि सुनेच्या भावाच्या लग्नासाठी कपडे. यादी वाचून झाल्यावर सुनेने विचारले, "आई, तुमचं आणखी काही राहिलं का?" माझे एक काम राहिले होते, पण ते यादीत लिहिण्यासारखे नव्हते. मी म्हटले, "नाही, झालं सगळं."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. नव्या शहराच्या सेक्टरांच्या मधूनमधून जुनी गावे अजून आहेत आणि त्यांची शेतेही आहेत. कापलेल्या धानाचा वास बंद काचांमधूनही आत येतो. माझे माहेर गोंदियाचे. तिकडेही नोव्हेंबरात हाच वास असतो. लग्न होऊन १९८६ साली मी रायपुरला आले, तेव्हा गाडीतून उतरताच हा वास आला आणि मला वाटले, आपण फार लांब आलेलो नाही.

बँकेत आमच्याआधी पंधरावीस माणसे बसली होती. सगळीच माझ्या वयाची किंवा माझ्याहून मोठी. सगळ्यांचे काम एकच, आपण आहोत हे सांगण्याचे. कोणी काठी घेऊन आले होते, कोणी नातवाचा हात धरून. पूर्वी अधिकाऱ्यासमोर उभे राहून कागदावर सही करावी लागे. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही संगणकीय पद्धत सुरू झाली. आता आधार क्रमांक सांगायचा आणि छोट्या यंत्रावर अंगठा टेकवायचा. यंत्राने अंगठा ओळखला की दाखला आपोआप पुढे जातो.

माझा अंगठा यंत्राने ओळखला नाही. एकदा टेकवला, दोनदा टेकवला, पदराने पुसून पुन्हा टेकवला. यंत्रावर लाल दिवा लागत राहिला. समोरची मुलगी समजुतीच्या स्वरात म्हणाली, "माताजी, होता है. काम करते-करते घिस जाता है." मी माझ्या अंगठ्याकडे पाहिले. खरेच, त्यावरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. चाळीस वर्षे भांडी घासणे, कणीक मळणे, विळीवर भाजी चिरणे यांत त्या कधी झिजल्या, ते मला कळलेही नव्हते.

मला माझ्या आईची आठवण झाली. आई गोंदियाला घरी बसून विड्या वळत असे. तिला लिहिता येत नव्हते. विड्यांचा हिशेब झाला की ती शाईच्या पेटीवर अंगठा टेकवून कागदावर उमटवी आणि मग तो निळा अंगठा बराच वेळ लुगड्याला पुशीत राही. मला सातवीपर्यंत शिकवण्याचा तिने हट्ट धरला, तो एवढ्याचसाठी. "तू अंगठा नाही लावायचा," ती म्हणे. मी सही करायला शिकले, तेव्हा तिने ती सही शेजारणीला नेऊन दाखवली होती. आणि आज, इतक्या वर्षांनी, माझ्याकडे सही असूनही अंगठाच मागितला जात होता आणि तोही चालत नव्हता. मला हसू आले. आई असती, तर तीही हसली असती.

आता अंगठा चालला नाही तरी अडत नाही. २०२१ सालापासून चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. त्या मुलीने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि सांगितले, "चश्मा निकालिए, सामने देखिए, पलकें झपकाइए." मी डोळ्यांची उघडझाप केली. तेवढ्याने काम झाले. थोड्या वेळाने मोबाइलवर संदेश आला. आणखी एका वर्षासाठी मी जिवंत ठरले होते. नातीने विचारले, "आजी, डोळे मिटले नसतेस तर?" मी म्हटले, "तर त्यांना वाटलं असतं, हा आजीचा फोटो आहे." यंत्र नेमके हेच पाहत असते, समोर माणूस आहे की माणसाचे चित्र. हा भेद डोळ्यांच्या एका उघडझापीने ठरतो, ही गोष्ट मात्र माझ्या मनात दिवसभर राहिली.

मग बाजार झाला. गोलबाजारातल्या गल्ल्यांतून चालताना माणसाला आपोआप आपली चाल बदलावी लागते. नवा रायपुरात आपण कसेही चालू शकतो. येथे खांदा तिरका करून, पिशवी पोटाशी धरून चालावे लागते. मिक्सरच्या भांड्याचे पाते दुकानदाराने दहा मिनिटांत मोकळे करून दिले. चष्मा तयार होता. तो लावून पाहिला, तर समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरेही स्वच्छ दिसली. तांदळाच्या दुकानात मी थोडी रेंगाळले. दुबराज हा आखूड दाण्याचा, वासाचा तांदूळ. धमतरी जिल्ह्यातील नगरीच्या दुबराजला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मिळाले म्हणून भाव वाढला, असे दुकानदार म्हणाला. मी मूठभर दाणे हातात घेऊन हुंगले. हा तांदूळ निवडताना यजमान माझ्यावरच विसंबून असत. घरातल्या बहुतेक गोष्टी ते निवडीत. पण तांदूळ मात्र माझ्या नाकावर सोपवीत.

बाराच्या सुमारास आम्ही तात्यापाऱ्यात वन्संकडे पोहोचलो. छत्तीसगढीत 'पारा' म्हणजे वस्ती. या वस्तीच्या नावातच एक मराठी तात्या बसलेला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ साली छत्तीसगढात आल्या आणि पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून येथला कारभार पाहिला. त्या काळापासून येथे मराठी माणसे येत राहिली. पुढे रायपुर मध्य प्रांतात होते आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे १९५६ पर्यंत नागपूर-रायपुर ही ये-जा म्हणजे एकाच घरातल्या दोन खोल्यांमधली ये-जा होती. हिंदी पत्रकारितेत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते माधवराव सप्रे मराठीच. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. १९२६ साली रायपुरातच त्यांचे देहावसान झाले. येथल्या मराठी लोकांनी १९३५ साली महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. वन्सं आणि मी अजूनही तेथे हळदीकुंकवाला जातो.

वन्सं म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण. त्यांनी पंचाहत्तरी गाठली आहे. यजमानांचे वडील आणि काका ज्या घरात राहत, त्याच घरात त्या आता एकट्या राहतात. औषधांची पिशवी हातात घेताच त्यांनी प्रत्येक पाकिटावरची तारीख वाचली आणि मगच ती कपाटात ठेवली. "चला, मी तयार आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी हातात एक डबा घेतला होता. बाहेर जेवायला जाताना घरचा डबा बरोबर न्यायचा, ही त्यांची जुनी सवय. मुलाने काही म्हणण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "तिकडचं खाऊच. पण हेही खाऊ."

आम्ही गढकलेव्यात जेवलो. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ साली हे उपाहारगृह सुरू झाले. संग्रहालय मूळचे १८७५ सालचे. त्याच्या आवारातल्या झाडांखाली बसून छत्तीसगढी पदार्थ खायचे, आणि ते रांधतात बचतगटातल्या स्त्रिया. आम्ही चीला, फरा, बरा, ठेठरी आणि खुरमी मागवली. चीला म्हणजे आपले घावनच. तांदळाच्या पिठाचे, टोमॅटोच्या चटणीबरोबर खायचे. फऱ्यासाठी तांदळाच्या पिठात शिजवलेला भात मळतात, त्याच्या लांबट वळकट्या करून वाफवतात आणि वरून तिळाची फोडणी देतात. ठेठरी बेसनाची, खारी. खुरमी कणकेची आणि गुळाची; आपल्या शंकरपाळ्यांची मावसबहीण. वन्संच्या डब्यात अनारसे होते. तेच येथे 'अइरसा' या नावाने होतात. फक्त त्यांच्यावर खसखस नसते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वाकून पाहिले, तेव्हा वन्संनी डबा त्यांच्यापुढेही केला. त्यांनी एक अनारसा उचलला आणि आपल्या ताटलीतली एक खुरमी नातीच्या हातावर ठेवली. दोन घरांची ओळख व्हायला याहून अधिक काही लागत नाही.

जेवण होत आले, तेव्हा मुलगा म्हणाला, "आता पंडरीला कपड्यांकडे जाऊ. दोनतीन तास लागतील."

मी म्हटले, "तुम्ही जा. मी सिनेमाला जाते."

"कोणत्या?"

"छत्तीसगढी लागलाय एक. तीनचा खेळ आहे."

"अगं, मग रविवारी सगळेच जाऊ. मॉलमध्ये जाऊ, चांगल्या खुर्च्या असतात."

"नको. मला एकटीलाच जायचं आहे."

टेबलावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. सुनेने माझ्याकडे काळजीने पाहिले. "आई, आमचं काही चुकलं का?" तिने विचारले. तिचा प्रश्न खरा होता. आपल्याकडे घरातली बाई एकटी कोठे जायचे म्हणाली की, ती रागावलेली तरी असते किंवा दुःखी तरी. तिला नुसतेच जावेसे वाटते आहे, ही शक्यता कोणाच्या मनात येत नाही. मी सुनेच्या हातावर हात ठेवला आणि म्हटले, "काही चुकलं नाही. तुम्ही सगळे इतके जवळ आहात, म्हणूनच दोन तास लांब बसावंसं वाटतं." हे उत्तर मलाही पुरेसे वाटले नाही, पण त्याहून चांगले उत्तर माझ्याकडे नव्हते.

वन्सं बरा तोडता तोडता थांबल्या. मला वाटले, आता त्या मला वयाची आठवण करून देणार. पण त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे तिला. मला नाही जाता आलं."

मग त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती मी एकोणचाळीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. १९६५ साली 'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगढी चित्रपट आला. मनु नायक यांनी तो काढला होता. तो पलारी गावात चित्रित झाला होता आणि त्यातली गाणी मोहंमद रफींसारख्या गायकांनी गायली होती. कथा होती सतनामी तरुणाच्या आणि ब्राह्मण मुलीच्या प्रेमाची. त्यामुळे त्याला विरोधही झाला. तो रायपुरात लागला, तेव्हा वन्सं पंधरा वर्षांच्या होत्या. "शाळेतल्या मुली गाणी म्हणायच्या," त्या म्हणाल्या. "मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, असले सिनेमे आपल्या घरच्या मुलींनी पाहायचे नसतात. काका मात्र पाहून आले. मला माहीत होतं, कारण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मला तिकिटाचा तुकडा सापडला होता."

"मग पुढे कधी पाहिला, आत्या?" मुलाने विचारले.

"लग्न झालं, मुलं झाली. पुष्कळ सिनेमे पाहिले. सगळे दुसऱ्यांनी ठरवलेले," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी बरा तोंडात टाकला.

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. मुलाने मला चित्रपटगृहाच्या दारापाशी सोडले. "तिकीट काढून देऊ?" त्याने विचारले. मी म्हटले, "तेही मीच काढते."

बाई आणि चित्रपट यांचे नाते आपल्या देशात मुळापासूनच अवघड आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही. ती भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केले. पडद्यावर बाई आली. पण पडद्यासमोर ती एकटी येऊन बसायला फार वर्षे लागली. माझ्या लहानपणी गोंदियाच्या टॉकीजमध्ये बायकांची बसण्याची जागा वेगळी असे. तेथेही बायका कधी एकट्या नसत. चारचौघींचा घोळका असे, कडेवर मुले असत. माझ्या आईने आयुष्यात तीन चित्रपट पाहिले. तिन्ही देवांचे.

रायपुरात बाबूलाल, शारदा, राज, श्याम, जयराम अशा टॉकीज होत्या. लग्नानंतर यजमानांबरोबर मी पुष्कळ चित्रपट पाहिले. ते हौशी होते. कामावरून येताना तिकिटे घेऊनच येत आणि म्हणत, "आवर पटकन." कोणता चित्रपट, हे रिक्षात बसल्यावर कळे. राज्य होण्याच्या थोडेच दिवस आधी, ऑक्टोबर २००० मध्ये, 'मोर छइयां भुइयां' लागला. तेव्हा सारे शहर त्याच्यामागे धावत होते. आम्ही सासूबाईंनाही नेले, मुलगा आणि पुतण्या बरोबर होते. शेंगदाण्यांच्या पुड्या सगळ्या रांगेतून फिरत होत्या. तो आनंद खोटा नव्हता. त्या आनंदाची मी अजूनही ऋणी आहे. फक्त एक गोष्ट होती. यजमानांना चित्रपट पाहताना बोलण्याची सवय होती. "आता बघ, हा खरा भाऊ निघणार," असे ते माझ्या कानाशी कुजबुजत आणि तो खरा भाऊच निघे. मी पुष्कळदा म्हणत असे, "अहो, मला बघू द्या ना." ते हसत आणि पुन्हा बोलत.

तिकिटाच्या खिडकीशी फारशी गर्दी नव्हती. मी एक तिकीट मागितले. खिडकीतल्या माणसाने विचारले, "एक ही?" मी म्हटले, "एक ही." तेवढे दोन शब्द बोलताना माझ्या तळहाताला घाम आला होता, हे कबूल केले पाहिजे. बाकीचे पैसे परत घेताना मला वाटले, मागे उभे असलेले सगळे माझ्याकडे पाहत आहेत. वळून पाहिले, तर मागच्या तिघी मुली आपापल्या मोबाइलमध्ये पाहत होत्या.

आत अंधार झाला आणि मला अवघडल्यासारखे झाले. हात कोठे ठेवावा, ते कळेना. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. यजमान नेहमी उजवीकडे बसत. पंधरावीस मिनिटे मी पडद्याकडे पाहत होते आणि कुजबुज ऐकू येण्याची वाट पाहत होते. पडद्यावर गाव होते, दोन भाऊ होते, शेताच्या बांधावरून भांडण होते. पुढे काय होणार, हे मला कोणी सांगत नव्हते. आणि मग एका क्षणी माझ्या लक्षात आले की, पुढे काय होणार हे मला खरोखरच माहीत नाही, आणि ते माहीत नसण्यात मला मजा वाटते आहे. एका विनोदावर सगळे हसले, मला हसू आले नाही. पुढे एका साध्या प्रसंगात, धाकट्या भावाची बायको चुलीपुढे बसून एकटीच जेवते, तेथे कोणी काही बोलत नव्हते आणि मला रडू आले. मी डोळे पुसले नाहीत. पुसून कोणापासून लपवायचे होते?

येथे मला एक गोष्ट लिहायला हवी. ती लिहिताना हात अडखळतो. त्या अंधारात मला यजमानांची उणीव भासली आणि त्याच वेळी मोकळेही वाटले. दोन्ही एकदम वाटले. मोकळे वाटले याची मला लाज वाटली. इतकी वर्षे ज्याने आपल्याला जपले, तो नसताना बरे वाटावे, हे कसले मन? पण विचार करता करता मला उमगले की, या दोन भावनांचे आपसांत भांडण नाही. त्यांच्यावरची माया खरी होती, आणि एकटीने पाहण्याची इच्छाही खरीच होती. ती इच्छा ते असतानाही माझ्यात होती. मी ती कधी मोठ्याने बोलले नाही आणि त्यांनी कधी विचारली नाही, इतकेच. बोलले असते, तर कदाचित ते हसून म्हणाले असते, "जा की." तशी संधी मी त्यांना दिली नाही, याचे मला त्या खुर्चीत बसून वाईट वाटले.

मध्यंतरात दिवे लागले. दोन खुर्च्या सोडून एक खेड्यातली बाई तीन मुलांना घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहून विचारले, "अकेल्ला आए हव दाई?" छत्तीसगढीत 'दाई' म्हणजे आई. मी त्यांच्याच भाषेत म्हटले, "हव." तिने क्षणभर मला न्याहाळले. मला वाटले, ती आता हळहळणार. पण ती म्हणाली, "बने करेव." चांगले केलेत. आणि कागदाच्या पुडीतले भजे तिने माझ्यापुढे धरले. एकटी आले होते. तरी हातावर भजे होतेच.

चित्रपट संपला, तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती. मुलाने जयस्तंभ चौकात यायला सांगितले होते. १८५७ साली, १० डिसेंबरला, वीर नारायण सिंह यांना याच चौकात फाशी देण्यात आली, असे येथे प्रत्येक मुलाला शाळेत शिकवतात. दुष्काळात उपाशी लोकांसाठी सावकाराचे धान्याचे कोठार उघडणारा तो सोनाखानचा जमीनदार. चौकापर्यंतचे अंतर दहा मिनिटांचे होते. मी वीस मिनिटे घेतली. नव्या चष्म्यातून दुकानांच्या पाट्या वाचत चालले. एके ठिकाणी थांबून स्वतःसाठी केसांची पिन घेतली. कोणी घाई करीत नव्हते.

चालता चालता सकाळच्या त्या मोबाइलची आठवण झाली. बँकेतल्या कागदाला एवढेच हवे होते की, मी श्वास घेते आहे आणि डोळे मिटते-उघडते आहे. त्याचे काम तेवढेच असते आणि ते त्याने चोख केले. पण जिवंत असणे म्हणजे तेवढेच नव्हे. आपल्याला काय आवडते हे आपल्याला कळणे, ते चारचौघांत सांगता येणे, आणि सांगितल्यावरही आपली माणसे आपलीच राहणे, हेही जिवंतपणात मोडते. त्याचा दाखला कोणतीही कचेरी देत नाही. तो आपल्यालाच अधूनमधून काढावा लागतो.

गाडीत बसल्याबरोबर नातीने विचारले, "आजी, सिनेमात काय झालं?" आणि नवा रायपुर येईपर्यंत मी तिला गोष्ट सांगितली. दोन भाऊ, बांध, भांडण, चुलीपुढे जेवणारी जाऊ. सूनही मागे वळून ऐकत होती. मध्येच तिने विचारले, "मग शेवटी एकत्र आले का दोघं?" मी सांगायला तोंड उघडले आणि थांबले. म्हटले, "ते मी सांगणार नाही. तू जाऊन बघ." ती हसली. "एकटी?" तिने विचारले. "तुझी मर्जी," मी म्हटले.

रात्री जेवणे आटोपल्यावर वन्संचा फोन आला. औषध वेळेवर घेतल्याचे त्यांनी सांगितले, पंडरीत लग्नासाठी घेतलेल्या साड्यांचे भाव सांगितले, सुनेने निवडलेला रंग थोडा भडक असल्याचे सांगितले. मग थोडा वेळ त्या गप्प राहिल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तो सिनेमा अजून किती दिवस आहे?"

"आठवडाभर असेल. का हो वन्सं? येऊ का मी तुमच्याबरोबर?"

"ये की. रिक्षाने जाऊ," वन्सं म्हणाल्या. "पण एक सांगते. मध्ये दोन खुर्च्या सोडून बसायचं. आणि पुढचं काही सांगायचं नाही."